केबलतोडे

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या टाकीवर डोळा ठेवणारे एक गृहस्थ असतात, पार्किंगवरून भांडणारे एक असतात आणि गणपतीची वर्गणी घरात शिरून, पाणी मागून, पंख्याखाली बसून वसूल करणारे एक असतात. गेल्या पाच-सात वर्षांत या मंडळींत आणखी एकाची भर पडली आहे. हे गृहस्थ जिन्यात भेटले की "कसं काय?" म्हणत नाहीत. "केबलचे किती भरता?" असं विचारतात. तुम्ही गाफीलपणे "असतील साडेतीनशे-चारशे" म्हणून जाता आणि त्यांचे डोळे करुणेने भरून येतात. "चारशे!" ते म्हणतात. मग आवाज खाली आणून, "महिन्याला?" पुढचा अर्धा तास तुमचा राहत नाही.

यांचं खरं आडनाव काहीही असो, आम्ही त्यांना केबलतोडे म्हणतो. डोंबिवलीत आमच्या इमारतीत एक आहेत, पलीकडच्या सोसायटीत दोन आहेत आणि हे तिघे संध्याकाळी बागेतल्या एकाच बाकावर बसतात. वय साठीच्या पुढे. बँक, विमा, रेल्वे किंवा महापालिका यांपैकी कुठेतरी हिशेबाच्या टेबलावर हयात गेलेली. पेन्शन वेळेवर, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा बंगळूरला. थोडक्यात, केबलचे पैसे भरायला ज्यांना काडीचीही अडचण नाही अशी ही माणसं. ज्याला खरी अडचण असते तो केबल तोडत बसत नाही, तो मुळात घेतच नाही. तत्त्वासाठी केबल तोडायची तर गाठीला बऱ्यापैकी पैसे लागतात.

आमच्या केबलतोडेकाकांचा राग जुना आहे. एके काळी घरात टीव्ही ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात जाऊन भरावी लागे. शिक्के मारलेली ती पुस्तिका काकांनी अजून रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवली आहे. सरकारने ती फी रद्द केली तेव्हा काकांना वाटलं, चला, टीव्ही आता कायमचा फुकट झाला. १९९२च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत काळी वायर गच्च्यांवरून लोंबकळत, वाटेतल्या बदामाच्या झाडाला वेटोळं घालून, खिडकीच्या फटीतून घरात आली. तिच्या मागोमाग दर महिन्याच्या पाच तारखेला एक पोऱ्या पावतीपुस्तक घेऊन येऊ लागला. काका तेव्हापासून त्या वायरकडे भाडेकरूकडे पाहावं तसे पाहत आले आहेत, आणि तोही असा भाडेकरू, जो राहतो फुकट आणि वर भाडं आपल्याकडूनच घेतो. २०१३ला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा त्याची दीड हजाराची पावती त्यांनी काही न बोलता फाइलला लावली. ते न बोलणं लक्षात राहण्यासारखं होतं, असं काकू सांगतात.

काकांना खरा कंठ फुटला तो २०१९च्या फेब्रुवारीत. हवी तीच वाहिनी घ्या, तिचेच पैसे द्या, असा ट्राय या नियामक संस्थेचा नियम लागू झाला. शंभर वाहिन्यांपर्यंत नेटवर्कचं भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैसे मोजून घ्यायच्या वाहिन्या त्यावर वेगळ्या. काकांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली होती तो फॉर्म अखेर त्यांच्या हातात पडला. तीन दिवस डायनिंग टेबलावर जेवण झालं नाही, कारण तिथे वाहिन्यांचा तक्ता पसरलेला होता. एचडी वाहिनी मोजताना दोन धरायची, दूरदर्शनच्या वाहिन्या शंभरात येणारच, अमुक वाहिनी सुटी घेतली तर इतके, गठ्ठ्यात घेतली तर तितके. काकांनी तत्त्वाला जागून अकरा वाहिन्या सुट्या निवडल्या. पुढच्या महिन्याचं बिल तीनशेचं तीनशे पन्नास झालं. समोरच्या बिऱ्हाडाने फॉर्म न वाचताच सही केली होती. त्यांना कुणीही पाहत नाही अशा चाळीस वाहिन्यांसकट सगळं मिळून तीनशे वीस पडले. नको असलेलं घेतलं तर स्वस्त आणि हवं तेवढंच घेतलं तर महाग, हा हिशेब बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पचनी पडेना. त्यांनी ट्रायला तीन पानी पत्र लिहिलं. त्याची पोच आली. ती पोच त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे.

पुढे नियम बदलत राहिले. शंभराच्या जागी दोनशे वाहिन्या आल्या, गठ्ठ्यात बसणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत १९ रुपयांवरून १२ वर आली आणि परत १९ वर गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या. प्रत्येक बदलाची कात्रणं काकांकडे आहेत. अखेर जुलै २०२४मध्ये ट्रायने १३० रुपयांची मर्यादाच उठवली आणि भाडं किती घ्यायचं ते कंपन्यांवर सोपवलं. बिल एका रुपयानेही वाढलेलं नव्हतं. वाढू शकतं, एवढंच काकांना पुरलं. पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्यांनी शिवणाच्या डब्यातली काकूंची कात्री घेतली आणि खिडकीत उभं राहून वायर कापली. सेट-टॉप बॉक्सची वायर स्क्रू सैल करून निघते, ती कापावी लागत नाही. पण स्क्रू सैल केल्याने इतिहास घडत नाही.

आता पर्याय. केबलतोड्यांच्या बाकावर पहिलं नाव निघतं ते डीडी फ्री डिशचं, आणि ते योग्यच आहे. २००४च्या डिसेंबरपासून दूरदर्शन ही सेवा देतं. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याचा छदाम नाही. फुकट कसं परवडतं, असं कुणी विचारलं की काका खुलतात. "फुकट नाही हो. वाहिन्या तिथे जागा मिळवायला प्रसार भारतीला लिलावात कोट्यवधी रुपये मोजतात. इथे पैसे आपण नाही, ते देतात!" वाहिनीवाले पैसे देत आहेत आणि आपण खुर्चीत बसून पाहत आहोत, या कल्पनेने त्यांना जो आनंद होतो तो त्या वाहिन्यांवरच्या कुठल्याही कार्यक्रमाने आजवर दिलेला नाही.

छत्री स्टेशन रोडवरच्या दुकानातून आली. बॉक्स, वायर धरून १,७५०. बसवून द्यायचे दुकानदाराने तीनशे सांगितले आणि तिथेच घोडं अडलं. "तीनशे? एका नटबोल्टचे?" काकांनी छत्री खांद्यावर टाकली आणि रिक्षा न करता घरी आणली.

छत्री ज्या उपग्रहाकडे वळवायची तो जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. महाराष्ट्रातून पाहिलं तर साधारण आग्नेयेला, नजर बरीच वर. हे काकांनी वहीत आकृतीसह काढून ठेवलं होतं. अडचण एवढीच की मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी टाकीशेजारी उभं राहिलं की एक आग्नेय दाखवी आणि दोन पावलं सरकलं की दुसरी. त्यात मे महिना. गच्चीभर दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या कुरडया वाळत होत्या आणि छत्रीला सर्वांत सोयीची जागा नेमकी कुरडयांच्या डोक्यावर होती. "सावली पडते," आजी म्हणाल्या. "सूर्य सरकेल," काका म्हणाले. "सूर्य सरकतो, तुमचं ते झाकण सरकत नाही," आजी म्हणाल्या. शेवटी छत्री टाकीच्या मागे गेली.

काका वर आणि काकू खाली टीव्हीसमोर. पूर्वी अँटेना फिरवताना "आलं का?" असं गच्चीवरून ओरडता येई. आता सोसायटीने मोठ्याने ओरडायला बंदी केली आहे, म्हणून व्हिडिओ कॉल. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात, एक स्ट्रेंग्थची, एक क्वालिटीची. छत्री कुठेही वळवा, पहिली पट्टी भरलेलीच असते. चित्र येतं ते दुसरी भरली तरच.

"काय दिसतंय?" काका वरून.

"स्ट्रेंग्थ अठ्ठ्याहत्तर," काकू खालून. "क्वालिटी शून्य."

काकांनी छत्री बोटभर फिरवली. "आता?"

"तेच. स्ट्रेंग्थ आहे, क्वालिटी नाही."

हे वाक्य काकूंनी त्या सकाळी बऱ्याच वेळा उच्चारलं आणि पुढे पुढे त्या ते छत्रीबद्दल म्हणत आहेत की कसं, याबद्दल काकांच्या मनात शंका यायला लागली. शेवटी पाण्याच्या पंपाचा माणूस वर आला, त्याच्या मेव्हण्याकडे असलीच छत्री होती. त्याने तोंडाशी बसवलेला एलएनबी धरून जरासा पिळला. खालून काकूंचा आवाज आला, "आली, आली! बासष्ट!" आणि फोनवर, कापऱ्या उजेडात, सह्याद्री वाहिनी दिसू लागली. पंपवाल्याला काकांनी शंभर दिले. ते वहीत "पाणीपट्टी" खाली आहेत.

पहिला आठवडा मोठा गोडीगुलाबीत गेला. संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या काका दार उघडं ठेवून, आवाज चढवून लावत, म्हणजे जिन्यातून जाणाऱ्याला कळावं की या घरात टीव्ही चालू आहे आणि मोफत चालू आहे. छत्रीवर भोजपुरी सिनेमे होते, हिंदीत बोलणारे दक्षिणी नायक होते, शेतीची वाहिनी होती, आणि शाळेच्या इयत्तेगणिक एकेक शैक्षणिक वाहिनी होती. काका एका रात्री जेवताना म्हणाले, "आज दहावीची त्रिकोणमिती पाहिली. काय सुरेख शिकवतात!" काकूंनी भात वाढला. त्यांची रोजची मालिका छत्रीत नव्हती.

ही गोष्ट काकांच्या हिशेबात आलीच नव्हती, कारण वाहिन्यांचा तक्ता करताना "कोण पाहतं" असा रकाना त्यांनी ठेवला नव्हता. काकूंनी आवाज चढवला नाही. त्या रात्री साडेआठला वाटीभर मुगाचा शिरा घेऊन त्या समोरच्या घरी गेल्या आणि नऊला परतल्या. दुसऱ्या दिवशी ढोकळा. तिसऱ्या दिवशी साबुदाण्याचे वडे, आठ. समोरच्यांची मालिका, काकूंचा फराळ. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी टीव्ही पाहायला जाऊ नये, असं त्यांच्या आईने चाळीत असतानाच शिकवलं होतं. महिनाभरात समोरच्या घरातले गृहस्थ दोन किलोंनी वाढले आणि काकांच्या घरातला तुपाचा डबा दहा दिवस आधी संपला. डबा संपल्याचं काकांच्या लक्षात आलं. त्यांनी तुपाचा ब्रँड बदलायचं ठरवलं.

तूप परवडेना तेव्हा इंटरनेट आलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी या विषयावर सल्ले देणारे सहसा सांगत नाहीत. आमच्यासारख्या वस्त्यांत घरापर्यंत इंटरनेटची वायर आणणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याची केबल असते. खांब त्याचे, गच्च्यांशी ओळखी त्याच्या, पोऱ्याही तोच. काकांनी ज्या पाच तारखेच्या पोऱ्याला दारातूनच "आता येऊ नकोस" म्हणून सांगितलं होतं, तो काही आठवड्यांनी पांढरी वायर घेऊन दारात उभा. "काका, जुन्याच भोकातून घेऊ का?" काका म्हणाले, घे. महिन्याला ३९९ आणि जीएसटी, म्हणजे ४७० रुपये ८२ पैसे. पोऱ्या ४७१ घेतो. काकांनी पहिल्याच महिन्यात वरचे अठरा पैसे परत मागितले. पोऱ्या आधी हसला, मग काका हसत नाहीत हे पाहून गंभीर झाला. ते अठरा पैसे दर महिन्याला वहीत "येणे" म्हणून चढतात.

इंटरनेट आलं तरी जुना टीव्ही ते समजेना, म्हणून मागे खोचायची काडी आली, तीन हजारांच्या आतबाहेर. काडी आली तरी आत काही दिसायला वर्गण्या लागतात. काकांचा सगळा भरवसा मुलाच्या नेटफ्लिक्सवर होता. पण नेटफ्लिक्सने जुलै २०२३मध्येच भारतात एका घराबाहेर खातं वाटून घेणं बंद केलं होतं, हे त्यांना केबल कापल्यावर कळलं. बंगळूर आणि डोंबिवली हे एक घर नाही, असं पडद्यावर आलं. काका खवळले. "इन्कम टॅक्सवाले हिंदू अविभक्त कुटुंब मानतात आणि हे कोण आम्हाला विभक्त करणार?" मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मी करून देतो तुमचं वेगळं." वेगळं हा शब्द ऐकून काकूंनी फोन घेतला.

क्रिकेटचंही तसंच. २०२३ला आयपीएल मोबाईलवर फुकट दिसली होती आणि काकांनी ती घटनेतल्या मूलभूत हक्कांत धरून टाकली होती. २०२५च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि तिकडेही पैसे भरणं आलं. काकांनी आधी तिमाही १४९ रुपयांचा प्लॅन घेतला, तो फक्त मोबाईलवर चालणारा. मग मोबाईलसमोर उभं करायचं प्लास्टिकचं भिंग आणलं. भिंगातून मधला फलंदाज मोठा दिसे आणि कडेचे क्षेत्ररक्षक वाकडे. मग २९९चा घेतला, तो टीव्हीवर चालतो. पण नोंदणी मुलाच्या नंबरावर झाली होती, त्यामुळे ओटीपी बंगळूरला जातो.

याच्यामुळे एक झालं. पूर्वी मुलाचा फोन रविवारी येई, आणि "जेवलात का, औषध घेतलं का" यापलीकडे जात नसे. आता रात्री नऊला काकांचा फोन ठरलेला. "आला का रे?" "थांबा, मीटिंगमध्ये आहे." "अरे, मुदत संपते त्याची!" "सात, चार, शून्य..." "शून्य की सहा?" चुकलं की परत. या दोन ओटीपींच्या मध्ये जो मिनिटभर वेळ मिळतो त्यात सुनेची तब्येत, नातवाची शाळा आणि बंगळूरचा पाऊस असं सगळं होऊन जातं. काकूंनी मुलाला बजावून ठेवलं आहे की तो नंबर बदलून द्यायचा नाही.

प्राइमचे वर्षाचे १,४९९ भरले, कारण त्यावर घरपोच सामान येतं. तिथे २०२५च्या जूनमध्ये जाहिराती सुरू झाल्या, जाहिराती नको असतील तर वेगळे पैसे. केबल तोडताना काकांनी दिलेलं दुसरं कारण जाहिराती हे होतं. आता ते युट्यूबवरची जाहिरात सोडून द्यायचं बटण यायची वाट पाहत रिमोट रोखून बसतात. बटण आलं रे आलं की दाबतात आणि आपण कुणाला तरी फसवलं असा चेहरा करतात. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप मात्र त्यांना मनापासून आवडलं. गोव्याच्या २०२४च्या चित्रपट महोत्सवात त्याचा प्रारंभ झाला, दूरदर्शनच्या जुन्या मालिका त्यावर आहेत. ते पाहताना काका बचतीबद्दल बोलत नाहीत, नुसतं पाहतात.

छत्रीचा खरा दिवस म्हणजे भारताचा एकदिवसीय किंवा टी-ट्वेंटी सामना. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दूरदर्शनने ते आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबलवाल्यांनी ते फुकटात पुढे ढकलायचं नाही. म्हणजे सामना छत्रीवर फुकट आणि समोरच्या घरी केबलवर विकत. त्यातही मजा अशी की मोबाईलवरचं प्रक्षेपण इंटरनेटवरून फिरून येतं, त्याला अर्धा-एक मिनिट उशीर होतो. बुमरा धावत येत असतो, इमारतीतली पोरं मोबाईलला डोळे लावून बसलेली असतात, आणि तिसऱ्या मजल्यावरून काकांचा आवाज येतो, "गेला! बोल्ड!" पोरांच्या मोबाईलवर बुमरा अजून चेंडू पुसत असतो. सामना संपेपर्यंत काका सगळ्यांचा सामना संपवत राहतात. एकदा शिष्टमंडळ त्यांच्याकडे गेलं, ओरडू नका म्हणून. काकांनी सगळ्यांना आत घेतलं, चहा दिला, कांदाभजी दिली आणि छत्रीचा भाव सांगितला.

पावसाळ्यात मात्र छत्रीचं अवसान गळतं. आषाढातली एखादी जोरदार सर आली की पडद्यावर आधी चौकोन दिसतात, मग "नो सिग्नल". काका तेव्हा खिडकीत उभे राहून आग्नेयेकडे पाहतात.

वर्ष भरल्यावर काकांनी मला वही दाखवली. औषध कंपनीची डायरी, निळ्या शाईत आखलेली पानं, बेरजा तांबड्या शाईत. पहिल्या पानावर: केबल बंद, साडेतीनशे गुणिले बारा, जमा ४,२००. वजा छत्री व बॉक्स, भांडवली खर्च, १,७५०. निव्वळ बचत २,४५०, खाली दोन रेघा. पुढच्या वर्षी भांडवली खर्च नसल्याने बचत ४,२००. हिशेबात कुठे खोट नव्हती.

"आणि इंटरनेट?" मी विचारलं.

"ते वेगळं. ते 'शिक्षण' खाली." मुलगा चौतीस वर्षांचा आहे. पण शिक्षणाचं खातं डायरीत पहिल्यापासून होतं आणि मुलगा शिकून गेल्यापासून ते रिकामं पडलं होतं. काडी "धार्मिक" खाली, कारण सकाळी त्यावर कीर्तन लागतं. प्राइम "किराणा". हॉटस्टार "दूरध्वनी". भिंग "चष्मा". मी मनात बेरीज करायला लागलो. वर्षाचं इंटरनेट ५,६५०, हॉटस्टार बाराशे, किराणा पंधराशे, धर्म तीन हजार. छत्री धरून तेरा हजारांच्या वर जात होतं, आणि त्यात तूप नव्हतंच. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी ही बेरीज पूर्वीच केली आहे. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यांत एका पैशाचा फरक शोधणाऱ्या माणसाला स्वतःचे तेरा हजार दिसत नसतील, हे मला पटत नाही. पण निवृत्तीनंतर त्यांना एवढं काम कुणी दिलं नव्हतं, आणि बँकेतल्यासारखं वर्षअखेरीला ताळेबंद जुळवायला मिळणं याचे वर्षाला आठ-नऊ हजार जास्त पडत असतील तर ते महाग नाही. शेवटच्या पानावर "येणे" होतं: अठरा पैसे गुणिले बारा, दोन रुपये सोळा पैसे.

खरी बचत पाहायची तर आमच्या वॉचमनच्या खोलीत जा. पत्र्याच्या छपरावर तीच छत्री, उत्तर प्रदेशातल्या गावाहून आणलेली. आत कुणीतरी टाकून दिलेला टीव्ही. रात्री दहानंतर भोजपुरी सिनेमा, आवाज बंद करून, कारण गेटकडे कान हवा. महिन्याला शून्य. देशात चार कोटींहून अधिक घरांत फ्री डिश आहे असा अंदाज आहे, आणि ती या माणसांसाठीच आहे. वॉचमनकडे वही नाही. काकांनी त्याला एकदा "केबलचे किती वाचले?" असं विचारलं होतं. तो म्हणाला, "कौनसा केबल, साहब?"

गेल्या महिन्यात पोऱ्या नवी योजना घेऊन आला. इंटरनेट महिन्याला ५९९ आणि जीएसटी, आणि त्याबरोबर टीव्हीच्या साडेतीनशे वाहिन्या. काकूंची मालिका त्यात होती. काकांनी तीनदा विचारलं, "वाहिन्यांचे वेगळे किती?" पोऱ्याने तीनदा सांगितलं, "काही नाही काका, फ्री." काकांनी सही केली. त्या संध्याकाळी बागेच्या बाकावर त्यांनी बाकीच्या दोघांना सांगितलं की त्यांनी केबलवाल्याला नमवलं, आता तो साडेतीनशे वाहिन्या फुकट देतो. दोघांनी नंबर मागितला. काकू साडेआठला घरीच असतात. समोरचे गृहस्थ हल्ली जरा उदास दिसतात, पण त्यांचं वजन उतरतं आहे.

टीव्हीचं प्रकरण असं मार्गी लागल्याने काकांचा हात मोकळा झाला आहे, आणि परवा ते जिन्यात पेपरवाल्याशी महिन्याच्या बिलावरून बोलताना दिसले. पेपर बंद झाला तर सकाळी ते कुणाचा वाचणार, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळून चुकलं आहे. तेव्हा ज्यांच्या दारात साडेसहाला पेपर पडतो त्यांनी कृपा करून तो लगेच आत घ्यावा, आणि शब्दकोडं आधी सोडवून टाकावं.